कुमारवयीन दंतघर्षण आणि त्याचे साक्षीदार

रात्रीची शांतता बिघडवणाऱ्या घरगुती कारणांमध्ये दंतघर्षणाचे स्थान अपवादात्मक मानावे लागते, कारण डास चावला तर ज्याला चावतो तोच जागा होतो, शेजारच्या इमारतीतील पाण्याची मोटर सुरू झाली तर सगळेच जागे होतात, परंतु सोळा-सतरा वर्षांचा मुलगा झोपेत दात खाऊ लागला म्हणजे त्या खोलीतील इतर सर्व माणसे जागी होतात आणि तो एकटा तेवढा शांत झोपलेला राहतो. दंतघर्षण म्हणजे तोंडात चावण्यासारखे काहीही नसताना वरचे व खालचे दात एकमेकांवर आवळणे किंवा घासणे. मारी आणि पिएत्किएविच यांनी १९०७ साली फ्रेंच भाषेत या प्रकाराला ‘ब्रुक्सोमानी’ असे भारदस्त नाव दिले, पुढे दंतवैद्यकात ‘ब्रुक्सिझम’ ही संज्ञा रुळली, आणि या दोन्ही नावांचा गंध नसलेल्या असंख्य आज्या तत्पूर्वीपासून अंथरुणात उठून बसून “काय गं बाई हा दात खातोय” असे निदान अंधारातच करत आलेल्या आहेत.

शास्त्राने या प्रकाराचे दोन भाग केले आहेत. एक झोपेतला, ज्याचा आवाज होतो, आणि दुसरा जागेपणीचा, ज्यात दात घासले न जाता नुसते आवळून धरलेले असतात व त्यामुळे कोणाला काही कळत नाही. विवेचनाच्या सोयीसाठी वडील, आई, आजी, बारावीचा मुलगा आणि नववीतली मुलगी असे एक नमुना-कुटुंब गृहीत धरणे इष्ट होईल. अशी कुटुंबे पुण्यात, नाशकात, लातुरात कोठेही सहज उपलब्ध असून त्यांच्या घरात खोल्या दोन व मते पाच असतात.

अशा कुटुंबात प्रकरणाची पहिली फिर्याद नेहमी धाकट्या बहिणीकडून दाखल होते. “दादा रात्रभर दात खातो, मला झोप येत नाही,” असे ती सकाळी चहाच्या वेळी सांगते, आणि त्यावर “मी? मी तर झोपलो होतो,” असे उत्तर मिळते, जे तर्कशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर अभेद्य आहे. आरोपी झोपलेला होता हाच त्याचा बचाव आणि तो झोपलेला होता हाच त्याचा गुन्हा, अशी ही विलक्षण अवस्था असल्याने पुराव्याची गरज निर्माण होते. बहीण त्या रात्री मोबाईल उशाशी ठेवून ध्वनिमुद्रण करते व दुसऱ्या दिवशी ते सर्वांसमक्ष ऐकवले जाते. त्यात कोरड्या जात्यात खडे भरडल्यासारखा एक आवाज खरोखरच ऐकू येतो, मात्र तो फार मागे, अस्पष्ट असा, कारण ध्वनिफितीचा बहुतेक सर्व भाग पलीकडच्या खोलीतून येणाऱ्या वडिलांच्या घोरण्याने व्यापलेला असतो.

“हा कोणाचा आवाज?” वडील विचारतात.

“अगंबाई, लग्न झाल्यापासून हेच सांगतेय मी,” आई म्हणते.

येथून पुढे चर्चेचा विषय बदलतो, मुलगा शांतपणे दुसरा चहा मागतो आणि बहिणीची फिर्याद पुराव्यासह निकालात निघते.

वस्तुतः झोपेतील घर्षणाची यंत्रणा समजून घेतली असता आरोपीविषयी काहीशी सहानुभूती वाटू लागते. झोप ही सलग नसते. रात्रभरात अनेकदा मेंदू काही सेकंदांपुरता जागेपणाकडे झुकतो व पुन्हा झोपेत उतरतो, आणि या घटनेला सूक्ष्म जागृती असे म्हणतात. हलक्या झोपेत अशी सूक्ष्म जागृती आली की हृदयाचे ठोके किंचित वाढतात, आणि पाठोपाठ चर्वणस्नायू, म्हणजे दात दाबले असता जबड्याच्या कोपऱ्यावर बोटाला टणक लागणारा तो जाडजूड स्नायू, सेकंदाला सुमारे एकदा अशा लयीत आकुंचन पावू लागतो. गंमत अशी की ज्यांच्याविषयी कोणाची काडीची तक्रार नाही अशा माणसांपैकीही निम्म्याहून अधिकांच्या जबड्यात झोपेत अशी हालचाल अधूनमधून होतच असते. दात खाणाऱ्यांमध्ये ती वारंवार व जोरात होते एवढाच फरक. ही उबळ पुष्कळदा एका घोटाने संपते, म्हणजे झोपलेला मनुष्य तोंडातील लाळ गिळतो व स्वस्थ होतो. बारावीतील मुलगा दिवसभरात आईवडिलांना द्यावयाची जी उत्तरे गिळतो, ती रात्री पुन्हा वर आणून, नीट चावून, दुसऱ्यांदा गिळतो, असा सिद्धांत यावरून कोणी मांडल्यास शास्त्र त्याला पाठिंबा देणार नाही. परंतु ज्यांच्या घरी बारावी आहे ते देतील.

जागेपणीच्या प्रकाराकडे वळले असता असे दिसते की दातांना दात भिडवून ठेवणे ही माणसाची स्वाभाविक अवस्था नव्हेच. तोंड मिटून निवांत बसलेल्या माणसाच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर अंतर असते, आणि खाणेपिणे, गिळणे धरूनही चोवीस तासांत दात एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात तो एकूण काळ जेमतेम वीस मिनिटांचा भरतो. (हे वाक्य लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे दात या क्षणी कोठे आहेत, ही चौकशी येथे मुद्दाम टाळली आहे.) वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचा वीस मिनिटांचा हा शिधा सकाळी सातच्या शिकवणीतच संपतो, कारण बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे एक असे गणित असलेल्या प्रश्नपत्रिकेत दोन पर्यायांपैकी कोणता खरा हे ठरवताना पेन हातात आणि निर्णय जबड्यात असतो. त्यानंतर घरी येऊन मोबाईलवर खेळ खेळताना तो दात आवळतो, ‘मोबाईल ठेव’ हे ऐकताना आवळतो, आणि मोबाईल ठेवल्यावर तर आवळतोच.

तथापि जबड्यावर सर्वाधिक दाब आणणारे वाक्य कोणते याविषयी फारसा मतभेद होण्याचे कारण नाही. “हे बघ, टेन्शन अजिबात घेऊ नकोस,” असे वडील रात्रीच्या जेवणानंतर, दूरदर्शनसंचाचा आवाज मुद्दाम बंद करून, खुर्ची जवळ ओढून सांगतात, आणि त्यानंतर टेन्शन का घेऊ नये याची कारणे पाऊण तास सांगतात. त्या कारणांमध्ये खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाचे शुल्क, काकांच्या मुलीला मिळालेले गुण, स्वतःला त्या काळी न मिळालेल्या संधी आणि गृहकर्जाचे उरलेले हप्ते यांचा समावेश असतो. हे सर्व ऐकताना मुलगा “हो बाबा” असे म्हणतो, आणि मराठी भाषेची सोय अशी की “हो बाबा” हे दोन्ही शब्द दात मिटलेले ठेवूनही स्पष्ट उच्चारता येतात.

प्रश्न कारणमीमांसेचा आला की कुटुंबातील प्रत्येक घटक आपापली उपपत्ती घेऊन पुढे येतो. आजीच्या मते पोटात जंत झाले आहेत. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध भक्कमपणे सिद्ध झालेला नसला, तरी या उपपत्तीला अनपेक्षितपणे सरकारी पाठबळ मिळाल्यासारखे होते, कारण राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीला, देशभर एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, आणि बारावीचा मुलगा त्या वयोगटात बरोबर बसतो. तो गोळी खातो, रात्री दातही खातो, आणि आजी निष्कर्ष काढते की जंत चिवट आहेत. आईच्या मते सर्व दोष मोबाईलचा असून, याच उपपत्तीने ती केस गळणे, भूक न लागणे आणि वडिलांचे न ऐकणे यांचेही स्पष्टीकरण देऊ शकते. वडिलांचा कल यंत्रशास्त्राकडे असतो. वरचे दात खालच्या दातांवर नीट बसत नाहीत म्हणून ते घासले जातात, असे त्यांना वाटते, आणि एके काळी दंतवैद्यकालाही असेच वाटत असे. पुढे मात्र या क्रियेचा उगम दातांच्या रचनेपेक्षा मेंदूत व झोपेत आहे असे मत स्थिरावले. दात सरळ करण्यासाठी तारा लावण्याचा खर्च ऐकल्यावर वडिलांनीही आपले मत बदलले, आणि ज्ञानाची प्रगती वेगवेगळ्या मार्गांनी पण एकाच ठिकाणी पोचते याचे हे उदाहरण म्हणता येईल.

स्वतः मुलाची उपपत्ती सर्वांत आशावादी असते. पाळीव उंदीर समाधानात असले म्हणजे दातांवर दात घासतात आणि ससेही लाड केल्यावर हलकेच दात वाजवतात, ही माहिती त्याने अभ्यासाच्या वेळात कोठेतरी वाचलेली असते, व ती खरीही आहे.

“म्हणजे मी आनंदात आहे, बाबा.”

“उंदीर बारावीला बसत नाहीत,” वडील म्हणतात.

शास्त्र जी कारणे सांगते ती ऐकायला या मानाने नीरस आहेत: मानसिक ताण, संध्याकाळनंतरची कॉफी व तत्सम उत्तेजक पेये, तंबाखू आणि मद्य, काही औषधे, झोपेत श्वास अडखळणे, आणि आनुवंशिक कल. लहानपणी हा प्रकार अधिक आढळतो आणि वयाबरोबर ओसरत जाऊन प्रौढांमध्ये सुमारे आठ टक्क्यांपर्यंत उतरतो. यातील आनुवंशिकतेचा मुद्दा दंतवैद्याने उच्चारताच आईची मान आपोआप वडिलांच्या दिशेने वळते, वडील “माझ्या दाढा भाकरीने झिजल्यात” असे न विचारताच सांगतात, आणि डॉक्टर सौजन्याने छताकडे पाहतात.

दंतवैद्याकडे जाण्याची वेळ साधारणपणे सकाळची डोकेदुखी, जांभई देताना कानाजवळ होणारा कटकन आवाज किंवा आईस्क्रीम खाताना दातात उठणारी कळ यांपैकी काहीतरी झाल्यावर येते. बहिणीची झोपमोड हे कारण त्यासाठी पुरेसे मानले जात नाही. तेथे दातांची टोके चपटी झालेली दिसतात, गालाच्या आतल्या बाजूला दातांच्या रेषेत एक पांढरी रेघ उमटलेली असते, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे असतात, आणि या खुणांवरून डॉक्टर बोलू लागतात. निदानाच्या बाबतीत हे शास्त्र कमालीचे सावध आहे. २०१३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने अशी श्रेणी ठरवली की रुग्णाच्या किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून निदान झाले तर ते ‘शक्य’ समजावे, तपासणीत खुणाही आढळल्या तर ‘संभाव्य’, आणि रात्रभर प्रयोगशाळेत झोपवून मेंदू, स्नायू, श्वास यांचे आलेख घेतले तरच ‘निश्चित’. भिंतीपलीकडे झोपूनही रात्रभर तो आवाज ऐकणाऱ्या आजीला आपले निरीक्षण केवळ ‘शक्य’ या कोटीत मोडते हे समजावून सांगणे कोणत्याही डॉक्टरला आजवर साधलेले नसावे.

याच भेटीत दातावरील बाह्य आवरणाची, म्हणजे इनॅमलची, माहिती दिली जाते. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून त्यात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजद्रव्य असते, आणि ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असल्यामुळे एकदा झिजलेले इनॅमल पुन्हा वाढत नाही.

“किती टक्के म्हणालात?” वडील पुढे सरकून विचारतात.

“शहाण्णव.”

वडील मुलाकडे पाहतात. ते काही बोलत नाहीत, परंतु ज्याच्या तोंडात अठ्ठावीस दात प्रत्येकी शहाण्णव टक्के घेऊन बसले आहेत त्याला सराव परीक्षेत बासष्ट पडावेत, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतो. आणि मुलाला तो वाचता आला हे त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यावर उठलेल्या स्नायूवरून डॉक्टरांना कळते. संभाव्य निदानासाठी याहून चांगली तपासणी क्वचितच मिळते.

उपाय म्हणून रात्री दातांवर चढवण्याचे एक संरक्षक कवच, ज्याला सर्वजण नाइट गार्ड म्हणतात, तयार करून दिले जाते. त्यासाठी प्रथम थंडगार लगदा भरलेला साचा तोंडात कोंबून दातांचा ठसा घेतात, आणि तो घट्ट होईपर्यंत ‘नाकाने श्वास घे’ ही सूचना नेमकी सर्दी झालेल्या मुलाला मिळते. कवच तयार होऊन आले की डॉक्टर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतात, ती अशी की यामुळे दात खाणे थांबेलच असे नाही. दातांऐवजी कवच झिजेल. ‘मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न वडील तेथे विचारत नाहीत, तो ते गाडीत बसल्यावर विचारतात.

नाइट गार्डचा कौटुंबिक जीवनातील इतिहास हा मुख्यतः तो हरवल्याचा व सापडल्याचा इतिहास असतो. पहिल्या रात्री मुलगा ते घालून “गुल लाईल” असे म्हणतो, त्याला ‘गुड नाइट’ म्हणायचे होते हे बहिणीला कळते, परंतु ती हसून हसून इतकी जागी होते की दात खाण्याच्या आवाजाने तिची जेवढी झोप जात असे तेवढीच झोप या उपायानेही जाते. दुसऱ्या टप्प्यात आजी, तोंडातली वस्तू उष्टी असते या शुद्ध तत्त्वावर, ते कवच उकळत्या पाण्यात टाकून काढते, आणि गरम पाण्याने असे कवच वाकडे होते ही माहिती डब्यावर नसून डॉक्टरांच्या तोंडी सूचनेत असल्यामुळे ती घरात फक्त मुलालाच, व तीही अर्धवट, ठाऊक असते. वाकडे झालेले कवच दुरुस्त करून आणले जाते. मग ते मामाच्या घरी विसरते, पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून कागदी रुमालात गुंडाळून ठेवले जाते, आणि तो रुमाल कर्तव्यदक्ष आई कचऱ्याच्या डब्यात टाकते. सकाळी सातला घंटागाडी गाणे वाजवत येते तेव्हा इमारतीतील सर्व रहिवासी एका सुशिक्षित गृहस्थाला ओल्या कचऱ्यात हात घालून काहीतरी शोधताना पाहतात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन होते.

जागेपणीच्या प्रकारासाठी कवच नसते, सवय मोडावी लागते, आणि त्यासाठीचे सूत्र अगदी सोपे आहे: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकलेले. अडचण एवढीच की दात आवळणाऱ्याला आपण ते आवळले आहेत हे ठाऊकच नसते, म्हणून नजरेच्या टप्प्यात ठिकठिकाणी रंगीत खुणा चिकटवाव्यात आणि खूण दिसली की जबडा सैल सोडावा, असा सल्ला दिला जातो. प्रारंभी कुटुंबाने खुणांऐवजी स्वतःचाच वापर करून पाहिला. दर दहा मिनिटांनी कोणीतरी दारातून डोकावून “दात सोड!” असे ओरडत असे, आणि त्या हाकेने दचकून मुलाचे सुटलेले दातही पुन्हा बसत असत. शेवटी रंगीत कागद आणायला कोणाला सवड नसल्याने आईने आपल्या टिकल्यांचे एक लाल पाकीट या कामी दिले, आणि अभ्यासाच्या टेबलावर, फ्रिजवर, दिव्याच्या बटणांवर, मोबाईलच्या पाठीवर लाल टिकल्या लागल्या.

या योजनेतील एक उणीव लगेच लक्षात आली, ती न्हाणीघरातील आरशाची. कोणत्याही मराठी घरात त्या आरशाच्या कडेला आईने रात्री तोंड धुताना काढून लावलेल्या टिकल्या अनेक वर्षांच्या साठलेल्या असतात, आणि त्यांतील कोणती उपचारासाठी व कोणती विसरलेली हे बाहेरून ओळखता येत नाही. परिणामी दात घासायला गेलेला मुलगा आरशासमोर जबडा इतक्या वेळा सैल सोडू लागला की तोंडातील पेस्टचा फेस सांभाळणे अवघड झाले. तरीही पद्धत लागू पडली हे मान्य करावे लागते. लाल टिकली दिसली की खालचा जबडा खाली, ही क्रिया काही आठवड्यांत इतकी आपोआप होऊ लागली की डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले. मात्र सूत्रातील ‘ओठ मिटलेले’ हा पहिला भाग या सरावात मागे पडला होता, आणि याची दखल कोणी वेळेवर घेतली नाही.

ती घेतली गेली संक्रांतीनंतर. रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवांपैकी एक त्या घरी होते, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली असली तरी वाण आधीच आणून ठेवलेले असल्यामुळे ते रद्द करणे शक्य नव्हते, आणि मुलाला अभ्यासातून अर्ध्या तासाची सुटी देऊन गुलाबपाणी शिंपडण्याचे काम सोपवण्यात आले. दिवाणखान्यात सोसायटीतील सगळ्या बायका बसल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कपाळावर टिकली होती. मुलगा एकीसमोरून दुसरीसमोर गेला, प्रत्येकीच्या कपाळाकडे त्याची नजर गेली, आणि गुलाबदाणी हातात धरून, खालचा जबडा पूर्ण सैल सोडून, उघड्या तोंडाने तो एकेकीकडे पाहत राहिला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन मुलगा वयात आला असून आता लक्ष ठेवायला हवे असे सुचवले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तसे वाटले नाही. त्यांच्या मते अभ्यासाचा ताण मेंदूवर गेला होता, त्यांच्या भाच्याचेही असेच झाले होते, आणि पुढे त्याला कलाशाखेत घालावे लागले.

आईने दोघींच्या हातावर तिळगुळाची एकेक वडी ठेवली आणि “गोड बोला” म्हणाली, आणि तिच्या जबड्याच्या कोपऱ्यावरचा स्नायू पाहता ते दोन शब्दही दात मिटलेले ठेवूनच उच्चारले गेले होते.